उडी आधी की उतरणे आधी? : व्हॉलीबॉलमधील स्मॅशच्या सरावासंबंधी काही विचार

व्हॉलीबॉलच्या मैदानाभोवती उभ्या असलेल्या कोणाही प्रेक्षकाला या खेळातील सर्वांत आवडता क्षण कोणता असे विचारले, तर तो बहुधा एकच उत्तर देईल : स्मॅश. बूस्टरने चेंडू जाळीलगत अलगद उचलून द्यावा, स्मॅशरने चार पावले धावत येऊन झेप घ्यावी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेंडू प्रतिपक्षाच्या अंगणात आदळावा, हे दृश्य आहेच तसे मोहक. त्यामुळे संघात नुकताच आलेला आठवीतला मुलगाही पहिल्याच संध्याकाळी जाळीजवळ जाऊन उभा राहतो. त्याला सर्व्हिस नको असते, पासिंग नको असते. त्याला उडी मारून चेंडू हाणायचा असतो. आणि आपण मोठी मुले त्याला काय सांगतो? ‘उडी कमी पडते तुझी. रोज शंभर उड्या मार.’

हा सल्ला मलाही मिळाला होता. माझे शालेय शिक्षण साताऱ्यात झाले. शंभर उड्यांचा सल्ला मी इतका मनावर घेतला की रोज पहाटे दगडी पायऱ्यांवर उड्या मारत वर जायचे आणि उड्या मारतच खाली यायचे, असा क्रम मी वर्षभर चालवला. उडी थोडी वाढली. पण उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली जे दुखणे सुरू झाले, ते मी सर्वांपासून लपवून ठेवले. सांगलीला महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या ऐन हंगामात मला मैदानाबाहेर बसावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत मी या विषयावर मिळेल ते वाचले आणि पुढे दोन उन्हाळी सुट्ट्यांत शाळकरी मुलांच्या एका गटाचा सराव घेण्याची संधी मला मिळाली. मी काही तज्ज्ञ नव्हे. तथापि जे वाचले, करून पाहिले आणि स्वतःच्या गुडघ्यावर भोगले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडी पार्श्वभूमी

1895 मध्ये अमेरिकेतील होलिओक या गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यात स्मॅश नव्हता. मध्यमवयीन माणसांना फार दगदग न होता खेळता यावे, हा त्यांचा उद्देश होता. एकाने चेंडू उंच द्यायचा व दुसऱ्याने झेपावून तो खाली मारायचा, ही पद्धत 1916 च्या सुमारास फिलिपाईन्समध्ये रूढ झाली आणि खेळाचे स्वरूपच पालटले. 1964 साली टोकिओ येथे व्हॉलीबॉलचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. त्या वेळी जपानच्या मुलींनी आणि पुढे 1972 मध्ये म्युनिक येथे जपानच्या पुरुषांनी सुवर्णपदक जिंकले. या संघांनी जगाला दाखवून दिले की केवळ उंचीवर हा खेळ जिंकला जात नाही. हालचालीतील शिस्त आणि अचूक वेळ यांनाही तितकेच मोल आहे.

आपल्या देशाने आशियाई क्रीडास्पर्धांत 1958 मध्ये कांस्य, 1962 मध्ये जकार्ता येथे रौप्य आणि 1986 मध्ये सोल येथे कांस्यपदक मिळवले. सोलच्या संघात केरळचे जिमी जॉर्ज होते. इटलीतील व्यावसायिक संघांकडून खेळलेल्या या खेळाडूची उडी पाहणारे म्हणत की तो हवेत क्षणभर थांबतो. 1987 साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. परंतु ‘हवेत थांबणारा खेळाडू’ हे वर्णन आजही ऐकू येते. ते कितपत खरे, हे आपण पुढे पाहू.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख मूळचा कुस्तीचा. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. व्हॉलीबॉल संघाने रौप्य मिळवले त्याच 1962 च्या जकार्ता स्पर्धेत कुस्तीत पदके मिळवणारे मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. त्यामुळे आपल्याकडे कोणत्याही खेळाच्या तयारीचा विचार तालमीच्या अंगाने होतो. अमुक इतके जोर, अमुक इतक्या बैठका, असा आकड्यांत मेहनतीचा हिशेब मांडला जातो. गावोगावी खेळल्या जाणाऱ्या शूटिंगबॉलमधूनही पुष्कळ मुले व्हॉलीबॉलकडे येतात. त्यांचा हात जोरकस आणि नजर पक्की असते. परंतु पाय जमिनीवर रोवून, दोन्ही हातांनी चेंडू परतवण्याची त्यांना सवय असते. म्हणजे आपल्या मुलाजवळ ताकद असते, चिकाटी असते; नसते ती धाव, उडी आणि फटका यांची सांगड. ही सांगड शंभर उड्यांनी बसत नाही.

उडीचा हिशेब

प्रथम थोडे गणित करू. पुरुषांच्या सामन्यात जाळीची उंची 2.43 मीटर व महिलांच्या सामन्यात 2.24 मीटर असते. चेंडूचा परीघ 65 ते 67 सेंटिमीटर, म्हणजे त्याचा व्यास सुमारे 21 सेंटिमीटर भरतो. समजा, एका मुलाचा उभ्याने वर केलेला हात 2.20 मीटरपर्यंत पोहोचतो आणि तो 50 सेंटिमीटर उडी मारतो. त्याची बोटे 2.70 मीटरवर गेली, म्हणजे जाळीच्या वर 27 सेंटिमीटर. जाळीवरून चेंडू खाली मारायला एवढी उंची पुरेशी आहे. मात्र ती अगदी बेताची आहे. चेंडू थोडा जरी उशिरा मारला, तरी तो जाळीत जाणार.

या उडीत मुलगा हवेत किती वेळ असतो? गुरुत्वाकर्षणाच्या साध्या नियमाने उत्तर येते 0.64 सेकंद, वर जाताना 0.32 आणि खाली येताना 0.32. यातील मौजेचा भाग असा की उडीच्या शेवटच्या पाव उंचीत, म्हणजे वरच्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये, या वेळेपैकी निम्मा वेळ जातो. वर जाता जाता वेग मंदावतो म्हणून असे घडते. ‘हवेत थांबणे’ म्हणतात ते हेच. हवेत कोणीही थांबू शकत नाही. पण उडीच्या माथ्यावर जो काळ मिळतो, त्याचा नेमका उपयोग करणारा खेळाडू आपल्याला थांबल्यासारखा दिसतो.

आता उतरण्याचा हिशेब. 50 सेंटिमीटर वरून खाली येणारे शरीर पाय टेकल्यावर कोठे तरी थांबवावे लागते. गुडघे ताठ ठेवून ते 10 सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर पायांवर सरासरी शरीराच्या वजनाच्या सहापट भार येतो. तेच घोटे, गुडघे आणि कंबर वाकवून 40 सेंटिमीटरमध्ये थांबवले, तर भार सव्वादोन पटींवर येतो. पन्नास किलोच्या मुलाच्या बाबतीत हा फरक तीनशे किलो आणि सुमारे एकशेबारा किलो असा आहे. शंभर उड्या म्हणजे शंभर वेळा उतरणे, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. मी उड्या मोजल्या. उतरणे मोजले नाही.

पहिला धडा : उतरणे

म्हणून माझ्या गटात पहिले तीन आठवडे मी कोणालाही जाळीवर स्मॅश मारू दिला नाही. मुले नाराज झाली. दोघेतिघे तर शूटिंगबॉलच्या मैदानावर परत गेले. पण राहिले त्यांनी पुढील चार गोष्टी केल्या.

(1) दोन्ही हात वर करून चवड्यांवर उभे राहायचे. टाळी वाजताच हात मागे घेत झटकन अर्ध्या बैठकीत यायचे आणि तसेच तीन आकडे मोजेपर्यंत स्थिर राहायचे. यात उडी नाही. फक्त उतरल्यावरची बैठक शरीराच्या ओळखीची होते.

(2) वीतभर उंचीच्या पायरीवरून, आणि ते जमल्यावर फूटभर उंचीवरून, पाऊल पुढे टाकून दोन्ही पायांवर एकदम उतरायचे व स्थिर व्हायचे.

(3) भुसा भरलेले पोते आडवे टाकून त्यावरून दोन्ही पायांनी उडी मारायची आणि पलीकडे स्थिर व्हायचे. वीट किंवा लाकडी ठोकळा मुद्दाम टाळावा. पोत्याला पाय लागला तरी इजा होत नाही.

(4) जागेवर उडी मारून हवेत चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा व पुन्हा तसेच उतरायचे. चेंडू आला की मुले उतरणे विसरतात, म्हणून ही चौथी पायरी शेवटी.

पारख करण्यासाठी मी दोनच खुणा ठेवल्या होत्या. पहिली कानाने : मांजर भिंतीवरून उतरते तसे आवाज न होता उतरता आले पाहिजे. ‘धप्प’ आवाज आला की ती उडी मोजायची नाही. दुसरी डोळ्याने : उतरताना गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत, एकमेकांकडे आत झुकता कामा नयेत. मुलींच्या सरावात या दुसऱ्या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. उड्यांच्या खेळांत गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळते आणि उतरताना आत झुकणारा गुडघा हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

येथे जमिनीचाही विचार करावा लागतो. साताऱ्याकडची बरीचशी मैदाने मुरमाची, टणक. सांगलीला कृष्णाकाठची काळी माती. ती मऊ खरी, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेगेच्या काठावर पाऊल पडले की घोटा मुरगळतो. पावसात तर तिच्यावर उभे राहणेही कठीण. माझ्या मते सुरुवातीच्या उड्यांसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे लांब उडीचा वाळूचा खड्डा किंवा कोणी परवानगी दिली तर तालमीतला हौद. वाळूत उडी कमी भरते, याने निराश होऊ नये. तेथे पायांना बसणारा हिसका कमी असतो आणि पोटऱ्यांना चांगली मेहनत घडते. दगडी पायऱ्या किंवा घाट वापरायचाच असेल, तर उडी मारत वर जावे आणि खाली मात्र चालत यावे. एवढी एक गोष्ट मला वेळीच कळली असती, तर माझा हंगाम वाया गेला नसता.

दुसरा धडा : धाव

मुलाची उडी कमी का पडते, हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. लिंबाच्या आडव्या फांदीला एक दोरी बांधून खाली सोडावी व तिला दोन-दोन बोटांच्या अंतरावर चिंध्या बांधाव्यात. मुलाने प्रथम उभ्याने हात वर करून कोणती चिंधी लागते ते पाहावे. मग जागेवरून उडी मारून, आणि शेवटी धावत येऊन. धावून मारलेली उडी जागेवरच्या उडीपेक्षा स्पष्टपणे उंच गेली पाहिजे. ती तितकीच भरली किंवा कमी पडली, तर दोष पायांच्या ताकदीत नसून धावेत आहे, हे ओळखावे. माझ्या गटातील बहुतेक मुलांचा दोष धावेतच निघाला. अशा मुलाला आणखी उड्या मारायला लावणे म्हणजे विहिरीत पाणी असताना बादलीला भोक असल्यामुळे दुसरी विहीर खणण्यासारखे आहे.

(भिंतीवर खडूने खुणा करण्याची जुनी पद्धत उभ्या उडीसाठी ठीक आहे. अमेरिकेतील डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये सुचवलेली उभ्या उडीची चाचणी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण धावत भिंतीवर जाणे धोक्याचे, म्हणून दोरी बरी.)

उजव्या हाताने मारणाऱ्या मुलाची शेवटची तीन पावले डावे, उजवे, डावे अशी पडावीत. डावखुऱ्याची याच्या उलट. पहिले पाऊल सावकाश, जणू अंदाज घेणारे. दुसरे लांब आणि वेगाचे. ते टाचेवर टेकते आणि त्याच वेळी दोन्ही हात सरळ मागे जातात. तिसरे पाऊल झटकन दुसऱ्याच्या बाजूला, किंचित पुढे येऊन बसते आणि पुढे जाणारा वेग तेथे अडून वर वळतो. हात जोरात वर येतात आणि दोन्ही पायांनी उडी सुटते. हातांच्या या झोक्याला कमी लेखू नये. उडीच्या उंचीतील दहावा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही अधिक, हातांच्या झोक्यामुळे मिळतो.

हे शिकवताना मी जमिनीवर चुन्याने पावलांचे ठसे काढले आणि तोंडाने ताल दिला : ‘एक... दोन-तीन!’ एकनंतर किंचित थांबा, दोन-तीन मात्र जोडून. आधी चालत, मग जलद चालत, मग धावत. एका पायावर उडी मारण्याची सवय असलेल्या मुलांना हे जड जाते. कबड्डी खेळणारी आणि लांब उडी मारणारी मुले हटकून एका पायावर उडतात आणि जाळीत जाऊन पडतात. जाळीला स्पर्श झाला तर गुण जातो हे खरे. परंतु त्याहून मोठा धोका मधल्या रेषेपाशी प्रतिपक्षाच्या पावलावर पाय पडून घोटा मुरगळण्याचा आहे. व्हॉलीबॉलमध्ये एकाएकी होणाऱ्या दुखापतींत घोट्याचा क्रमांक पहिला लागतो. म्हणून उडी पुढे न जाता वर जाणे, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही.

तिसरा धडा : हात

फटक्याचे तंत्र आपल्या मुलांना नव्याने शिकवावे लागत नाही. ते आठवून द्यावे लागते. चिंचेवर दगड भिरकावताना मुलगा काय करतो? कोपर कानाच्या वर मागे नेतो, खांदा वळवतो, दुसरा हात पुढे ठेवून नेम धरतो आणि शेवटी मनगट सोडतो. स्मॅशमध्ये हेच करायचे. फरक इतकाच की पंजा उघडा ठेवून चेंडूच्या वरच्या-मागच्या भागावर मारायचे आणि चेंडू डोक्यावर नव्हे तर मारणाऱ्या खांद्याच्या किंचित पुढे असावा.

यासाठी आधी टेनिसचा चेंडू जाळीवरून पलीकडच्या अंगणात जोराने फेकण्याचा सराव घ्यावा. नंतर भिंतीसमोर उभे राहून चेंडू अशा रीतीने मारावा की तो जमिनीवर आपटून भिंतीला लागेल आणि परत आपल्याकडे येईल. तिसरी पायरी टांगलेल्या चेंडूची : जुना चेंडू सुतळीच्या जाळ्यात घालून फांदीला टांगावा आणि तीन पावलांची धाव घेऊन त्यावर फटका मारावा. टांगलेला चेंडू जागचा हलत नसल्यामुळे मुलाला वेळेची चिंता उरत नाही; धाव, उडी, फटका आणि उतरणे या चारही गोष्टी एका साखळीत येतात.

फटक्यांनाही मर्यादा हवी. एका बैठकीत जोराचे चाळीस-पन्नास फटके वाढत्या वयातील खांद्याला पुष्कळ झाले. खांद्याच्या मागच्या बाजूचे स्नायू बळकट राहावेत म्हणून सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून ती दोन्ही हातांनी छातीकडे आणि बाजूला ओढण्याचा व्यायाम रोज करावा. खर्च काहीच नाही आणि फायदा मोठा.

चौथा धडा : वेळ

सर्वांत अधिक स्मॅश वाया जातात ते वेळ चुकल्यामुळे. बूस्टरच्या हातून चेंडू सुटतो न सुटतो तोच मुलगा धावत सुटतो, चेंडू वर जात असतानाच उडी मारतो आणि चेंडू खाली येतो तेव्हा तोही खाली आलेला असतो.

पुन्हा गणिताकडे वळू. समजा, चेंडू आपल्या फटक्याच्या उंचीपेक्षा दोन मीटर वर गेला. तेथून त्या उंचीवर यायला त्याला 0.64 सेकंद लागतात. 50 सेंटिमीटर उडी मारणाऱ्या मुलाला माथ्यावर पोहोचायला 0.32 सेकंद लागतात. याचा अर्थ, चेंडू माथ्यावरून अर्धा मीटर खाली आल्यावर पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत. थोडक्यात, उंच चेंडूवर ‘चेंडू वळला की उडी’, हा नियम. हे कळल्यावर माझा मलाच अचंबा वाटला. कारण मी वर्षानुवर्षे चेंडू वर जात असतानाच उडत आलो होतो आणि उडी कमी पडते म्हणून पायऱ्यांवर गुडघे झिजवत होतो.

यासाठी घेतलेला सराव असा. सर्व मुलांनी बाजूला उभे राहायचे. एकाने चेंडू जाळीलगत उंच फेकायचा आणि ज्या क्षणी पाय सुटायला हवेत असे वाटेल, त्या क्षणी सर्वांनी ‘आता!’ म्हणायचे. पहिल्या दिवशी ‘आता’चा नुसता गोंधळ झाला, आठवड्याभरात आवाज एकत्र येऊ लागले. त्यानंतर धाव घेऊन उडी मारायची, पण फटका न मारता चेंडू कपाळाच्या वर दोन्ही हातांनी झेलायचा. झेल हनुवटीपाशी आला तर उडी उशिरा, बोटांच्या टोकाला लागून निसटला तर बहुधा लवकर. मुलाला स्वतःची चूक स्वतःलाच समजते. कोणी ओरडावे लागत नाही. शेवटी जाळी खाली घेऊन, किंवा जाळीऐवजी हव्या त्या उंचीवर सुतळी ताणून, स्मॅश मारू द्यावा. लहान मुलाला पूर्ण उंचीच्या जाळीवर उभे केले की तो चेंडू वरून मारण्याऐवजी खालून ढकलायला शिकतो आणि ती खोड पुढे सुटत नाही.

ताकद आणि तिची मात्रा

आता तालमीच्या बैठकांविषयी. काही आधुनिक मंडळी त्या टाकाऊ समजतात, ते मला मान्य नाही. बैठकांनी मांड्या बळकट होतात, दमसास वाढतो. मात्र दोनशे बैठका एका लयीत काढणे आणि एका क्षणात सारी ताकद ओतणे या भिन्न गोष्टी आहेत. स्मॅशरने बैठका थोड्या काढाव्यात, खाली सावकाश जावे आणि वर झटक्याने यावे. जोडीला एका पायाच्या अर्ध्या बैठका, चवड्यांवर उठणे आणि पोटा-पाठीचे व्यायाम असावेत.

खाली झटकन दबून लगेच वर उसळले की उडी अधिक उंच जाते. दबून तीन आकडे थांबले तर ती कमी भरते. हे कोणीही करून पाहावे. स्नायू आणि त्यांच्या टोकाच्या शिरा ताणल्या जाताच लगेच आखडल्या तर जास्त जोर देतात, हे त्याचे कारण. याच तत्त्वावर सोव्हिएत शिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी 1960 नंतरच्या दशकात उंचावरून उतरून तत्काळ उसळी घेण्याच्या उड्यांची पद्धत विकसित केली. 1975 मध्ये अमेरिकेतील फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले. पण ही पद्धत मुळात कसलेल्या, ताकदवान खेळाडूंसाठी होती, हे आपण विसरतो. नववीतल्या मुलाला टेबलावरून खाली उडी मारायला लावून पुन्हा उसळायला सांगणे, हा त्या पद्धतीचा उपयोग नसून दुरुपयोग आहे.

नवख्या प्रौढ खेळाडूलाही एका बैठकीत 80 ते 100 वेळा जमिनीवर उतरणे पुरे, असे सामान्यतः सांगितले जाते. शाळकरी मुलांसाठी मी 50 ते 60 ची मर्यादा ठेवली आणि आठवड्यातून दोनच दिवस. या दोन दिवसांत किमान 48 तासांचे अंतर हवे. आमचा आठवडा असा असे : सोमवारी व गुरुवारी प्रथम उड्या, नंतर धाव आणि टांगलेला चेंडू, मंगळवारी व शुक्रवारी पासिंग, सर्व्हिस आणि भिंतीवरचे फटके, बुधवारी बैठका व ट्यूबचे व्यायाम, शनिवारी सामना, रविवारी सुट्टी. उड्या नेहमी सरावाच्या आरंभी, अंग गरम झाल्यावर. थकलेल्या पायांनी कधीही नाही. सामन्यातल्या उड्याही हिशेबात धरायच्या.

दोन महिन्यांनी दोरीवर पाहिले, तर कोणाची उडी दोन बोटे वाढली होती, कोणाची चार बोटे. दोघांची मुळीच वाढली नव्हती. पण त्यातील एकाचा स्मॅश गटात सर्वांत चांगला झाला होता, कारण त्याची वेळ चुकत नव्हती. याला मी शास्त्रीय प्रयोग म्हणणार नाही. मुले थोडी होती आणि त्या वयात उंचीही वाढतच असते. पण एका गोष्टीचे मला समाधान आहे आणि ती दोरीवर मोजता येत नाही.

दुखणे लपवू नये

दुसऱ्या सुट्टीतली गोष्ट. गटातील नववीतला एक मुलगा, उडीत सर्वांच्या पुढे. एके संध्याकाळी सराव संपल्यावर तो प्रेक्षकांसाठीच्या पायऱ्या उतरताना मला दिसला. तो सरळ न उतरता कठड्याला धरून, एक बाजू पुढे करून उतरत होता. मी दचकलो, कारण त्या वर्षी मी अगदी तसाच उतरत असे. जवळ बोलावून विचारले तर म्हणाला, ‘काही नाही दादा, असंच.’ गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिने दुखत होते. ‘सांगितलं असतं तर तुम्ही संघातून काढलं असतं,’ तो म्हणाला. घरी परत गेल्यावर तो पहाटे एकटाच आणखी शंभर उड्या मारत होता, हेही तेव्हाच कळले.

मला त्याच्यावर रागावता आले नाही. वाढत्या वयात हाडे भराभर वाढतात आणि मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जेथे ओढतो, ती जागा अजून कोवळी असते. उड्यांचा अतिरेक झाला की तेथे सूज येते. वेळीच उड्या थांबवल्या, तर हे दुखणे बहुतेक मुलांत कालांतराने बरे होते. लपवून खेळत राहिले की ते रेंगाळते. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले, त्याच्या उड्या बंद केल्या. पण त्याला मैदानाबाहेर काढले नाही. त्या काळात तो बूस्टिंग शिकला, भिंतीवरचे फटके मारले, ‘आता!’ म्हणण्याचा सराव त्यानेच घेतला. पावसाळा ओसरल्यावर तो हळूहळू पुन्हा उडू लागला. मला जो हंगाम मिळाला नाही, तो त्याला मिळाला.

तेव्हापासून सराव सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारतो, ‘काल जिना उतरताना दुखले का?’ हो म्हणणाऱ्याला त्या दिवशी उड्या नाहीत, पण दुसरे काम जरूर आहे. उड्या बंद म्हणजे संघाबाहेर, अशी भीती जोवर मुलांच्या मनात आहे, तोवर ती खरे बोलणार नाहीत.

समारोप

सारांश, चांगला स्मॅशर घडवताना क्रम असा असावा : आधी उतरणे, मग धाव, मग हात, मग वेळ आणि सर्वांत शेवटी उडीची उंची. आपण नेमके याच्या उलट करतो. वर सांगितलेल्या सरावासाठी लागते काय? एक दोरी, एक जुना चेंडू, भुसा भरलेले पोते, सायकलची ट्यूब, चुना आणि लिंबाची एखादी फांदी. यांतील एकही वस्तू अशी नाही की जी आपल्या खेड्यातल्या शाळेत मिळणार नाही.

आपल्या महाविद्यालयातील अनेक मित्र दर शनिवार-रविवारी गावी जातात आणि संध्याकाळी गावच्या पोरांबरोबर जाळी बांधून खेळतात. ती पोरे आपल्याला ‘दादा’ म्हणतात आणि आपण सांगू ते डोळे झाकून करतात. माझी त्या मित्रांना आणि आमच्या ताईंनाही एवढीच विनंती आहे की पुढच्या खेपेला गावी गेल्यावर पोरांना ‘शंभर उड्या मार’ असे सांगण्यापूर्वी त्यांना एकदा पायरीवरून खाली उतरायला सांगा, आणि कान देऊन ऐका.